शेंदराखालची कडी

२० एप्रिल १९८८, बुधवार

पोरगी मेली. काल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या यात्रेत, आमच्या आकाशपाळण्यातून पडून.

पितांबर आज सकाळी आला तो पायात चपला तशाच ठेवून न्हाणीत घुसला. माझा मुलगा, पण घरात चपला घालून फिरायची हिंमत त्याने आजवर केली नव्हती. मी दाराबाहेरून विचारलं, काय झालं? — "एक बाई पडली." किती वरून? — "वरूनच." मग तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज. मग म्हणाला, "लोटनने खिटी लावली नाही."

लोटन आणि खिटी लावणार नाही! ह्यांच्या वेळेपासून आमच्या पाळण्यावर आहे तो. माणसं बसली की पुढच्या दांड्याची खिटी लावतो, मग दोनदा ओढून बघतो. जेवायला बसला तरी आधी पाट हलवून बघतो. पोरं हसतात त्याला.

२१ एप्रिल, गुरुवार

लोटनला पोलिसांनी पारोळ्याला नेऊन ठेवलंय. त्याची बायको बेबाबाई आली होती. रडली नाही, चहाला हात लावला नाही. यात्रेत ती पाळण्याच्या शेजारीच फुटाणे विकते.

"अक्का, त्यानी खिटी लावेल व्हती. मी तठेच व्हतू. पाळणाच वाकडा व्हयना."

कोणता पाळणा वाकडा झाला? मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"देवना."

ह्यांनी ते चाक विकत आणलं तेव्हा एका पाळण्याच्या कडीला शेंदूर फासला, नारळ फोडला. कडी म्हणजे ज्या लोखंडावर अख्खा पाळणा लटकतो ते. तेव्हापासून तो देवाचा पाळणा. प्रत्येक यात्रेत आधी त्याला तेल-शेंदूर, मग धंदा. बाकीच्या कड्या लोटन रॉकेलने घासतो, उन्हात धरून बघतो. त्या एका कडीला कोणी हात लावत नाही. देवाला खरवडणार कसं? शेंदरावर शेंदूर चढत गेला, बोटाएवढा थर झाला. आत लोखंड उरलं की नुसता गंज, कोणाला माहीत.

आखाजीला त्या पाळण्यात पहिली फेरी माहेरवाशिणीची. मानाची फेरी. तिला मानाने बसवलं आणि पाडलं.

२३ एप्रिल, शनिवार

तिचं नाव कुंदा. लग्नानंतरची पहिलीच आखाजी, म्हणून बाप सासरहून घेऊन आला होता. बापाचं नाव अभिमन, बोरी नदीच्या काठी त्यांची कापसाची शेती. एवढं पितांबरच्या तोंडून काढायला सुनेला, लताला, दोन दिवस लागले.

२४ एप्रिल

घरात कोणी बोललं नाही. वरणात मीठ नव्हतं, तेही कोणी बोललं नाही.

२५ एप्रिल, सोमवार

आज मी बोलले.

होळीच्या यात्रेहून परत आल्यावर लोटन ह्याच ओट्यावर बसून पितांबरला म्हणाला होता, "भाऊ, देवना पाळणा एक बाजूले झुकस. कडी देखनी पडी." कडी बघावी लागेल, असं. मी शेंगा निवडत होते. पितांबर म्हणाला, "देवाला पाना लावतो का रे?" मी तिथल्या तिथे म्हटलं, नवी कडी घाल आणि तिला शेंदूर लाव, देवाला काय नवं लोखंड चालत नाही? तर मला म्हणाला, "माय, तू शेंगा बघ."

शेंगा बघितल्या मी. एक किडकी सोडली नाही.

आज त्याला म्हटलं, हे जसंच्या तसं पोलिसांना सांग.

"माय, मी आत गेलो तर लेकरांचं काय?"

लोटनची लेकरं काय बोरीच्या झाडाला लागली होती, वेचून आणली?

"त्याला वकील मी देतोय ना."

म्हणजे ढकलायचं आपण आणि वर हात द्यायचाही आपण. आरशात बघून भांग पाडला आणि बाहेर गेला.

२७ एप्रिल, बुधवार

एसटीने पारोळ्याला गेले, एकटी. फौजदार पोरसवदा, मिशी अजून धड फुटायची आहे. पण माणसाने ऐकून घेतलं. बसायला खुर्ची दिली. शेवटी म्हणाला, "आजी, ती कडी आणून द्या. तुटलेली दिसली की माझं काम झालं." मी म्हटलं, ती तुमच्याकडेच असेल की. नाही म्हणे. पोलीस पोचले तेव्हा पाळणा होता, पोरगी होती, कडी नव्हती.

लोटनला लांबून बघितलं. भिंतीकडे तोंड करून बसला होता. हाक मारली, वळला नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

रात्री पारोळ्यालाच ओळखीच्यांकडे राहिले. आज अभिमनच्या गावी गेले. कोण म्हणून विचारलं, तर खरं सांगितलं — पाळणेवाल्याची आई. अंगणात बायका बसल्या होत्या. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उलट पाण्याचा तांब्या पुढे केला.

अभिमनला विचारलं, दादा, ती तुटकी कडी कोणी उचलली?

"मीच."

कुठे आहे?

"भंगेल देव गावमा ठेवतस का? डोहमा टाकी उनू."

लेकीचं प्रेत झाकायच्या आधी हा बाप ती कडी धोतरात गुंडाळून बोरीच्या डोहाकडे गेला. वर फुलं वाहिली. ज्या लोखंडाने लेक मारली त्याला हात जोडून आला. अख्खा गाव मागे गेला होता, कोणी म्हटलं नाही की थांबा.

मी म्हटलं, ती तुझी साक्ष होती रे बाबा.

"देवनी लेक लई लिधी, अक्का."

देवाने नाही घेतली. गंजाने घेतली, आणि माझ्या मुलाच्या आळसाने.

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून अंगावर येईल. "घर जा, अक्का. ऊन व्हयनं," एवढंच म्हणाला.

डोहावर गेले. दोघा पोहणाऱ्यांना म्हटलं, बुडी मारा. देव सोडलेल्या जागी पाय घालणार नाही म्हणाले. म्हशी तिथेच लोळत होत्या, त्यांना कोणी अडवत नव्हतं.

३० एप्रिल, शनिवार

पितांबरने लोहाराकडून नवी कडी करून आणली. पाळणा धुळ्याच्या यात्रेला न्यायचा म्हणे, जागा गेली तर पुन्हा मिळत नाही. लता ताटात शेंदूर कालवत होती. मी ताट उचललं आणि मोरीत ओतलं.

"आत्याबाई, पाप लागेल!"

लागू दे. ह्या घरात मला कोणी विचारत नाही, पाप तरी विचारेल.

संध्याकाळी पितांबरने दुसरा शेंदूर आणला.

३ मे, मंगळवार

फौजदार इकडे जळगावला कोर्टाच्या कामाला आला होता, घरी डोकावला. पितांबर घरी नव्हता. म्हणाला, "आजी, कडी गेली तर गेली. लोटनने मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर सांगितलं की मी मालकाला होळीलाच बोललो होतो, आणि तुम्ही म्हणालात की मी ऐकलं, तर दोघांच्या बोलण्याला वजन येईल." परवा त्याला पारोळ्याला साहेबांपुढे उभं करणार आहेत.

फक्त लोटनने खरं बोलायचं. एवढंच लागतं आहे.

पितांबरला कळलं कसं तरी. जेवताना म्हणाला, "पोटच्या पोरावर साक्ष देशील?" मी म्हटलं, मी कडीवर साक्ष देते आहे, तू तिच्याआड कशाला उभा राहतोस? ताट सरकवून उठला.

तो आत गेला तर मला सोसेल असं नाही. लहानपणी गोवर आला तेव्हा मी ह्याला मांडीवरून खाली ठेवला नव्हता. पण कुंदालाही कोणीतरी मांडीवर घेतलंच असेल.

परवाचं पातळ धुऊन वाळत घातलं.

५ मे, गुरुवार

मी सगळं सांगितलं. साहेबांनी लोटनला विचारलं, ही आजी म्हणते ते खरं का? लोटन म्हणाला, "अक्कानं वय व्हयनं, साहेब. मी काही बोलेल नव्हतू. खिटी मीच लावेल नव्हती."

पितांबर माझ्याकडे बघायला लागला. त्याने शिकवलेलं नव्हतं हे, त्याच्या तोंडावरून कळलं मला.

बाहेर व्हरांड्यात लोटन बेडीसकट माझ्या पाया पडायला वाकला. म्हणाला, "अक्का, देवनं नाव कोर्टमा निंघाले नको."

मी पाय मागे घेतले.