पारा उतरेना

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून यंदा काही म्हणत नाही. भावोजींना म्हणावं, फ्रीजला हात लावू नका, तो मी दुरुस्त केलाय. (मागच्या वेळी लावला होता. पुढचं सगळ्या घराला माहीत आहे.)

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी आमचं बाळ पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हापासून ही रोज सकाळी अंथरुणातच थर्मामीटर तोंडात धरते. पाळीनंतर पारा खाली, महिन्याच्या मध्यावर जरासा वर, पाळी आली की पुन्हा खाली, असा त्याचा नेम. या वेळी चढला तो उतरेचना. जन्मभर फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला अशा वेळी एकच सुचतं, सेन्सर गेला. मी नवा थर्मामीटर आणला. तोही तेच दाखवू लागला. मग दुकानातला फ्रीजर तपासायचा तारेचा मीटर घेऊन हिच्यापुढे उभा राहिलो. (स्वच्छ पुसून. मी काही अगदीच हा नाही.) हिने असं पाहिलं की मीच गार पडलो. म्हणाली, "अहो, बिघडलेलं काही नाही. पाळी चुकलीय."

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठायचंच विसरलो. अंडं निघून गेलं की मागे अंडाशयात त्याची रिकामी पिशवी उरते. आपण असतो तर भंगारात टाकली असती. तीच पिवळी होऊन प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवायला लागते, त्यानेच अंग जरा गरम राहतं आणि गर्भाशयातलं अस्तर टिकतं. पाहुणा आला नाही तर पिशवी सुकते, हार्मोन उतरतं, अस्तर सुटतं, ती पाळी. पण आला, तर खसखशीएवढासुद्धा नसलेला तो जीव स्वतःचं हार्मोन सोडून कळवतो की मी आलोय, इतक्यात बंद करू नका. आणि पिशवी ऐकते गं. ना वायर, ना बटण. कंट्रोलचं काम माझ्यासारखं कुणाला जमत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. हल्ली सांगत नाही.

पुढे बाळाला पोसणारी वार तयार झाली की हार्मोनचं काम हळूहळू ती अंगावर घेते, आणि हा खांदेपालट तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होतो. गेल्या वेळी आपलं तिथेच बिनसलं. बाई म्हणतात, कारण दर वेळी हार्मोनचंच असतं असं नाही, बहुतेकदा कुणाचीच चूक नसते. पटतं मला. तरी दुकानात कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंतची शांतता मला सोसेनाशी झालीय.

बाकी सगळं ठीक. ही खंबीर आहे. मीही आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. तेव्हा हिचा फोन येईल त्या दिवशी तू चकित व्हायचंस. भावोजींना कळू देऊ नकोस, त्यांना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

आणखी एक ता. क. ताई, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. (गुपित ठेवायची ह्यांची ही पद्धत.) मळमळतं मला आणि जेवण सोडलंय ह्यांनी. माझं झालं की थर्मामीटर स्वतःच्या तोंडात धरून बसतात. आणि मी खंबीर वगैरे काही नाही. एकमेकांना धीर द्यायचं नाटक करून दोघंही दमलोय. घरात अशी कुणीतरी हवीय, जिच्यासमोर आम्हाला रडता येईल. तुम्ही या.