श्रावणातच भरलेलं पान

अक्षू,

काल ट्रेकवरून आलीस ती ताटावरच पेंगायला लागलीस, म्हणून आज उठवलं नाही. मी शिवाजी पार्कला चाललोय, एकटाच. काठी घेतलीय. रस्ता ओलांडायला खालच्या मजल्यावरचा लॅन्स आहे, तो पाव आणायला निघालाच होता. तेव्हा धावत मागे येऊ नकोस.

शाळेच्या त्या पुरस्काराची वही तुझ्या सॅकमधून पडली. समाजसेवा, कौशल्य, ट्रेक, सगळी पानं पाहिली. व्यायामाच्या तासांचं पान तर श्रावणातच भरलंय, खाली सरांची सही आहे. आता दिवाळीही होऊन गेली. म्हणजे तीन महिने तू रोज सहाला मला हलवून सांगतेस, "आजोबा, चला ना, माझे तास राहिलेत," आणि पोरीचं सर्टिफिकेट अडायला नको म्हणून मी पाय ओढत येतोय. अर्धांगाचा झटका आल्यापासून डॉक्टर चाला चाला म्हणून थकले, त्यांचं मी ऐकलं नाही. गिरणीत तीस वर्षं काढली, पण मुकादमालाही मला असं गंडवता आलं नव्हतं.

पेज झाकून ठेवलीय, गरम करून घे. पायाच्या फोडांना खोबरेल लाव. उद्या मात्र सहाला ये, तास नसले तरी.

वहीत घरच्या माणसाची सही चालत नाही, असं तूच म्हणाली होतीस. म्हणून इथे करतो. चिठ्ठी डाव्या हातानं लिहिलीय. सही उजव्या हाताची आहे, झटक्यानंतरची पहिली. वाकडी आली तरी चालवून घे.

गुणाजी बाबू परब