प्रत्येक पानाखाली आपले नम्र

टेमघर, भिवंडी

चि. सौ. दिपाली हिला हिरामणकाकाकडून पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे, पुण्याचं पाणी मानवतंय का, आणि मला फोनवर कॉम्प्युटर शिकवताना तू जो लांबलचक उसासा टाकतेस तो आता बरा आहे का, हे कळव. इकडे बाकी सगळे ठीक. तुझ्या कमळाकाकूची कंबर हळदीची खरेदी सुरू झाल्यापासून एकदम बरी आहे. तुझा बाप, म्हणजे आमचा नामादादा, होता तसाच आहे. गुडघे धरलेत, पण अकलोलीच्या गरम कुंडावर जाऊ म्हटलं की नको म्हणतो, कारण तुझं सासर अकलोलीचं. (सोयरे भेटतील या भीतीने चांगलं गरम पाणी सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.) तू हरेशशी कोर्टात लग्न केलंस तेव्हापासून तुझा विषय निघाला की तो टीव्हीचा आवाज वाढवतो. प्रितेशचं लग्न ठरलं, तुझ्या सख्ख्या भावाचं, तरी आवाज काही खाली आला नाही. मागे तू विचारलंस, "काका, मी येऊ का हळदीला?" आणि मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती गं.

असो. हे पत्र तुझ्या त्या फुटरबद्दल, म्हणजे पानाच्या तळाशी आपोआप येणाऱ्या मजकुराबद्दल आहे, आणि हाताने लिहिलंय तेही त्या फुटरमुळेच. आपल्याकडचं लग्नाचं कार्ड तुला माहीत आहे. लोक ते खालून वर वाचतात. आधी आपलं नाव आहे का बघायचं, मग कोणाचं गाळलंय ते बघायचं, आणि वेळ उरला तर लग्न कोणाचं आहे ते. घरातल्या प्रत्येक कार्याला ती सगळी नावं नव्याने टाइप करायची आणि दर वेळी कोणीतरी चुलता राहून जायचा. (राहिलेला चुलता जेवायला येतो, पण जेवत नाही. नुसता ताटाकडे बघत बसतो.) म्हणून तुला उपाय विचारला. तू म्हणालीस, काका, इन्सर्टमध्ये जा, फुटर उघडा, लिहायचं ते लिहा, सगळं सिलेक्ट करा आणि फुटर गॅलरीत सेव्ह करा, एकदा केलं की जन्मभर नुसती टिचकी मारायची. आता तुझ्या डोक्यात पत्ता, फोन नंबर आणि पान नंबर असणार. माझ्या डोक्यात भावकी होती. मी आपले नम्र घातले, निमंत्रक घातले, मामाकडची मंडळी घातली, आणि शेवटी किलबिल म्हणून घरातली बारकी पोरं सार्थक आणि क्षितिजा, "आमच्या काकाच्या हळदीला नाचायला यायचं हं" या ओळीसकट. लेकी-जावयांच्या रकान्यात तुझंही नाव घातलं, सौ. दिपाली हरेश. जिने शिकवलं तिचंच नाव गाळू की काय? मग त्या फुटरला 'आपले नम्र' असं नाव देऊन सेव्ह केलं. फुटर एवढा वाढला की पानाच्या गळ्याशी आला आणि मजकुराला वर चार ओळी उरल्या. पण टिचकी मारली की सगळी भावकी हजर! मला इतकी गोडी लागली की नावं नसलेला कागद उघडा वाटायला लागला. कुठलंही काम काढलं की आधी टिचकी, मग मजकूर.

पहिल्यांदा गल्लीत नोटीस लावली की बुधवारी पाणी येणार नाही. खाली पोरांचं नाचायचं आमंत्रण. लोक हसले, मीही हसलो, आणि शिकलो काहीच नाही. मग आपली गुणाबाईचुलती गेली, तिच्या दशक्रियेचं कार्ड मीच केलं. छापून आलं, दादा सोडून सगळ्यांनी वाचलं, कोणाला काही खटकलं नाही, कारण प्रत्येकाने आपलं नाव शोधलं आणि ते होतं. खटकलं ते थेट घाटावर. शेजारचा नवशा हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी, आणि माझ्या कानाशी लागून विचारतो, "हिरामन, बेंजो कुनाचा सांगितलाय?" मी म्हटलं, गप. तर म्हणतो, "मी कशाला गप? तुमीच बोलवलाय ना नाचाला!" कमळाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. (ते दोन दिवस लॅपटॉपवर खूप काम झालं.)

पण खरा घोटाळा गोडाऊनचा. दादाचा आणि माझा मिळून तो मोठा गाळा आहे ना, त्याचा करार संपत आला होता. भाडेकरू कंपनीच्या वकिलाने नवा करार पाठवला आणि मला फक्त गाळ्याचा नंबर दुरुस्त करायला सांगितलं. मी नंबर दुरुस्त केला आणि सवयीने टिचकी मारून परत पाठवला. आता फुटरचा स्वभाव तुला ठाऊक, तो प्रत्येक पानाखाली येतो. करार फुगून पोथीएवढा झाला. कंपनीचा मॅनेजर तो घेऊन गोडाऊनवर हजर. बिचारा उत्तरेकडचा, भला माणूस, घामाने भिजलेला. त्याच्या ऑफिसने विचारलं होतं की पानोपानी ज्यांची नावं आहेत ते सगळे मालक का, आणि असतील तर प्रत्येकाची सही आणि आधार कार्ड हवं. तो एकेक नाव मोठ्याने वाचून खूण करायला लागला. सार्थकपाशी थांबला. मी म्हटलं, साहब, वो तो बालवाडी में है. त्याने कपाळ पुसलं आणि पुढे वाचलं, "ये सौ. दिपाली हरेश कौन है?"

दादा समोरच खुर्चीत होता. मी काय टाइप करतो ते तो कधी वाचत नाही, त्यामुळे तुझं नाव खाली आहे हे त्याला त्या क्षणी कळलं. मी जमिनीकडे बघितलं. गोडाऊनमध्ये टीव्ही नाही गं. दादा मॅनेजरकडे वळून म्हणाला, "लडकी है मेरी. पुना में रहती है." मॅनेजर म्हणाला, इनका भी साइन लगेगा. सगळं चुकून झालंय असं सांगायला मी तोंड उघडलं, तर दादा माझ्याआधी बोलला, "लगेगा तो आएगी. लडकी है ना."

मग मी सगळं समजावलं, मॅनेजरने देवाचे आभार मानले, आणि संध्याकाळी मी फुटर काढून स्वच्छ करार दादापुढे सहीला ठेवला. त्याने एकेक पान उलटून तळाशी बघितलं. "पोरीचा नाव कुठं गेला?" मी म्हटलं, दादा, ते चुकून आलं होतं. "चुकून कसा? पोर हाय ती माजी." एवढं बोलून त्याने सही केली आणि पेन माझ्याच खिशाला लावून निघून गेला.

तर तुला विचारायचं ते एवढंच, की गॅलरीत दोन फुटर ठेवता येतात का, एक भावकीचा आणि एक रिकामा, आणि चुकीच्या फुटरवर टिचकी मारल्यास लॅपटॉप माणसाला रागावेल अशी काही सोय आहे का. उसासा न टाकता सांग. हरेशरावांना नमस्कार, आणि तुला काकूकडून गालावरून हात.

तुझा काका,
हिरामण

ता. क. : फुटरचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल. ते प्रितेशने मला कालच शिकवलं. खरं काम वेगळं आहे. लग्नाचं कार्ड पुढच्या शुक्रवारी छापायला जातंय आणि दादा चष्मा लावून माझ्या शेजारी बसलाय. तुझ्या नावापाशी अडलाय. म्हणतो, बाकी सगळ्यांची नावं बापाच्या नावासकट पूर्ण आणि माझ्या जावयाचं तेवढं अर्धं, लोक काय म्हणतील! जावयाचा बाप कोण ते ना मला माहीत, ना कमळाला. तर आम्हालाच ओरडला, "येवढी वरसं झाली, सोयऱ्याचा नाव म्हायत न्हाय तुमाला?" तेव्हा हरेशच्या वडिलांचं नाव आणि आडनाव लगेच फोन करून सांग. रेंज चांगली आहे.

ता. क. दुसरा : तुमची नावं लेकी-जावयांच्या रकान्यात नाहीत. दादाने ती वर आपले नम्रमध्ये घ्यायला लावली, स्वतःच्या नावाखाली लगेच. तिथे ज्याचं नाव असतं तो मांडवाच्या दारात उभा राहून दुसऱ्यांना या म्हणतो, त्याला कोणी आमंत्रण पाठवत नाही. म्हणून तुला कार्ड येणार नाही. वाट बघू नकोस, ये.