थोरल्या भावाच्या बिल्ल्यावर

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज युनियनच्या ऑफिसात तिसरी चक्कर. कारकुनाने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, बोट ठेवलं — "बिल्ला नंबर २१४. नाव भारत. वारस पत्नी दुर्गाबाई. तुमचं नाव कुठंय, बाई?" माझं नाव कुठंच नाही. असेल कसं! त्याच्या लेखी मी मयताच्या भावाची बायको.

चौदा वर्षं हे धान्याच्या मोंढ्यात हमाली करत होते, पण थोरल्या भावाच्या बिल्ल्यावर. भारतदादांची कंबर गेली, ते केदारखेड्याला शेतीवर परतले, आणि जाताना बिल्ला धाकट्याच्या हातात देऊन गेले. नवा बिल्ला मिळायला जन्म जातो. घरात आलेला कोण घालवणार? हजेरी भारतच्या नावाने, फंडाची कपात भारतच्या नावाने. आडतीवरून हाक यायची, "ए भारत!" आणि हे ओ द्यायचे. घरी येऊन सांगायचे तेव्हा मला हसू यायचं.

आठ तारखेला मक्याने भरलेल्या कट्ट्यांची थप्पी यांच्या अंगावर आली. दवाखान्यात मुकादम भिवाने नाव सांगितलं — भारत. वर टोळीच्या फाइलीतलं भारतदादांचं आधार कार्डही दिलं. त्याच्या मते त्याने डोकं चालवलं! "वहिनी, खरं नाव सांगितलं असतं तं युनियनचा एक रुपया न्हाई भेटला असता. बिल्ल्यावर जे नाव हाये, तेच मेलं पायजे."

म्हणजे कागदावर मेले ते माझे दीर. माझा नवरा कागदावर ठणठणीत आहे.

अग्नी भारतदादांनीच दिला. खिशात त्यांच्याच मरणाचा दाखला होता.

२४ नोव्हेंबर

राजनंदिनी होस्टेलवरून आली. नर्सिंगचं दुसरं वर्ष. डिसेंबरअखेर फी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. "आई, सोडून देऊ का?" — किती हळू म्हणाली. मी केवढ्याने खेकसले तिच्यावर! बापाने पाठीची चाळण करून घेतली ती हिने सोडून द्यायला?

मग दोघी रडलो. वरण करपलं.

२६ नोव्हेंबर

केदारखेड्याला जाऊन आले.

आता एकच वाट उरली आहे. मयताची मदत पाच लाख — ती दुर्गाबाईंनी युनियनच्या कमिटीपुढे वारस म्हणून मागायची आणि मला आणून द्यायची. दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला गेलं तर मी विधवा ठरेन, पण सभासदाची नाही. हातात भोपळा!

भारतदादा मान वर करेनात. "बिल्ला मच्छिंद्रला मीच देल्ता. पैसा तुझाच हाये, मीना. मी काय, कागदावर मेलो तं मेलो. शेताचं, तलाठ्याचं मंग बघू."

पण जाऊबाई चुलीपाशी ताठ उभ्या. "कमिटीपुढं मोकळ्या कपाळानं बसू? धडधाकट नवरा घरात असून? मीना, तू पैसा मागून राह्यली का माझं कुंकू मागून राह्यली?"

माझं खरंखुरं पुसलं गेलं, आणि हिला चिमूटभर लाल पावडरीची पडली! तोंडावर आलं होतं, गिळलं. एसटीत बसल्यावर राग उतरला. त्यांच्या जागी मी तरी काय केलं असतं? मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं.

पण मला पैसे हवेत.

२ डिसेंबर

झालं! कोणीतरी युनियनकडे अर्ज केला — भारत केदारखेड्यात जिवंत फिरतो, आम्ही पाहिला. बिल्ल्यावर डोळा असलेलाच कोणी असणार, आणखी कोणाला काय पडलंय. आता सोळा तारखेला कमिटी बसणार. दोघी जावांना बोलावलंय.

भिवा येऊन सांगून गेला. "अर्जवाल्याला खोटं पाडायचं तं दोघींचं बोलणं बराबर जुळलं पायजे. वहिनी, तुम्हाला इचारतील, तुमचा नवरा कुठंय. सांगायचं, पुण्याला वॉचमन हाये. आन् कपाळ रिकामं नको त्या दिवशी."

म्हणजे नवरा असलेली मोकळ्या कपाळाने येणार, आणि मी कुंकू लावून! देवा, काय थट्टा मांडलीस रे.

३ डिसेंबर

ठरवलं. बोलेन. खरं बोलून कोणाचं पोट भरलंय आजवर? यांना चौदा वर्षं दुसऱ्याच्या नावाने जगता आलं, मला एक दिवस खोटं बोलता येणार नाही?

८ डिसेंबर

महिना झाला. शेजारच्या पुष्पाबाईंनी विचारलं, महिन्याचं पान वाढणार ना? नाही म्हणाले. भिवाने बजावलंय, कमिटी होईपर्यंत काही करू नका, लोकांचे डोळे आहेत. जिवंत माणसाचं पान कोण ठेवतं?

तरी भात केला. ताट घेऊन गच्चीवर गेले. पलीकडच्या गच्चीवर बायका पापड वाळत घालत होत्या. ताट तसंच खाली आणलं आणि स्वतःच खाल्लं.

१३ डिसेंबर

जाऊबाईंचा फोन. "येते मी. पोरीकडं बघून येते. पर बांगड्या फोडणार न्हाई — काढून ठिवीन." एवढंच बोलून ठेवला.

ह्या बाईला मी मनातल्या मनात काय काय बोलले होते!

१५ डिसेंबर

दुर्गाबाई दुपारी आल्या. त्यांना मोंढ्यातलं काही ठाऊक नाही. भारतदादांनी बिल्ला सोडून चौदा वर्षं झाली. म्हणून मी बसवून एकेक सांगितलं. किती वाजता जायचे. कोणती टोळी. उजवा खांदा दुखायचा, तिळाचं तेल लावावं लागायचं. चहात साखर जास्त. मिरचीच्या कट्ट्यांच्या दिवशी रात्रभर शिंकायचे. पगाराच्या दिवशी पोरीला पेढा.

मी सांगत होते, त्या पाठ करत होत्या. अडल्या की पुन्हा विचारायच्या — "खांदा उजवा का डावा?" माझा नवरा मी त्यांना शिकवत होते. एकदा वाटलं, बास! पण थांबले नाही. चांगलं तासभर सांगत राहिले. खरं सांगायचं तर, ते गेल्यापासून त्यांच्याबद्दल इतकं कोणी मला बोलूच दिलं नव्हतं.

१६ डिसेंबर, सकाळ

कुंकू लावलं. आरशात बघून नाही, अंदाजाने. दुर्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रिक्षा आली.

१६ डिसेंबर, संध्याकाळ

सगळं नीट पार पडलं होतं. दुर्गाबाई एका ठिकाणी चुकल्या नाहीत. "पुण्याला असतात," मी म्हणाले, आवाजही कापला नाही. अर्ज खोटा ठरला, कारकुनाने मंजुरी लिहायला पेन उघडला.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. स्वतः जुने हमाल. दुर्गाबाईंपुढे हात जोडले. "बाई, भारतसारखी थप्पी लावणारा म्या चाळीस वर्षांत पाह्यला न्हाई. त्यानं लावलेली कधी हालली न्हाई. अंगावर आली ती दुसऱ्याची व्हती. आमच्या भारतला कोणी इसरणार न्हाई."

दुर्गाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"मच्छिंद्र," मी म्हणाले.

लग्नातल्या उखाण्यानंतर एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहून पुन्हा म्हणाले, मोठ्याने — "त्यांचं नाव मच्छिंद्र होतं. माझा नवरा."

दावा नामंजूर. राजनंदिनीला अजून सांगितलेलं नाही.