साडेनऊ बोटांची नवरी

प्रिय मावशी,

साडेनऊ बोटांनी नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? रात्रपाळी सोडलीस का? (नसशीलच. इस्पितळाला तुझ्यावाचून चालेल, तुलाच इस्पितळावाचून करमायचं नाही.) माझं लग्न झालं. "हातमोजे घालणार असशील तरच येईन" असं कळवून तू घरी बसलीस, म्हणून सविस्तर लिहिते. रागावून वाच, पण वाच.

हातमोजे मिळाले. उजव्या तर्जनीच्या टोकात कापूस भरून बोट पुरं केलंस, ती कारागिरी बघून माझ्यातल्या सुताराला कौतुकच वाटलं. पण घातले नाहीत. आपल्या ज्यू लग्नात नवरा अंगठी घालतो ती नवरीच्या उजव्या तर्जनीत, आणि बोट नि अंगठी यांच्यामध्ये काही नको, हे मी तुला सांगायचं? करवतीनं माझी तर्जनी अर्धी नेली. ती लपवायची असती तर दुकानाच्या पाटीवर मी माझाच पंजा रंगवला नसता.

सासूबाई म्हणाल्या, "मधल्या बोटात घालू या, फोटो बरा येईल." लग्न लावणारे रब्बी म्हणाले, कुठल्याही बोटात घातली तरी लग्न लागतं. म्हणजे सगळ्यांची सोय झाली, माझी सोडून. मी म्हटलं, "त्याच बोटात. जेवढं आहे तेवढं माझंच आहे." (सासूबाईंनी स्वतःची हिऱ्याची अंगठीही पुढे केली होती. अंगठी बिनखड्याची आणि नवऱ्याच्याच मालकीची हवी म्हटल्यावर ती मुकाट्यानं परत बोटात गेली.)

लग्नाच्या कापडी छताखाली उभे राहिलो. नवरा घड्याळजी, एरवी केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा, तो आज अंगठी दोन्ही हातांनी धरून उभा होता. दोन्ही साक्षीदार नाक लावून बघत होते. त्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं, अंगठी चढवली, आणि मी हात खाली केला मात्र, ती सुटून टणटणत वादकांच्या खुर्च्यांखाली! मग काय विचारतेस! बाबा, साक्षीदार, कडक इस्त्रीतले पाहुणे, सगळे गुडघ्यांवर. सासूबाई "अपशकुन, अपशकुन" म्हणत सगळ्यांच्या पुढे रांगत होत्या. रब्बी तेवढे शांत. म्हणाले, "त्यानं दिली, तिनं घेतली, दोघांनी पाहिली. लग्न लागलंय. आता शोधा निवांत."

सापडली सासूबाईंनाच. मला वाटलं, आता मधलं बोट पुन्हा निघणार. त्यांनी माझा हात ओढला, त्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं (बहुतेक पहिल्यांदाच), आणि मुलाला म्हणाल्या, "होती तिथेच घाल. आणि तू गं, बोट वर धर."

धरलं. सगळ्या फोटोंत ते तसंच आहे, पाहुण्यांना दटावल्यासारखं. एक सोबत पाठवतेय. दर्शनी भिंतीवर लाव.

तुझी,
भाची

ता. क. सगळ्याजणी करतात तशी मीही अंगठी नंतर डाव्या हाताच्या अनामिकेत घातली. आता निघत नाही. अंगठी घालून यंत्रावर हात ठेवायचा नाही, हे मला कुणी सांगायला नको. साबण झाला, तेल झालं, नवरा कानस घेऊन आला त्याला पिटाळलं. सुजलेल्या बोटाला दोरा गुंडाळून तू अंगठ्या काढतेस ना? ये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता अंगठी निघाली. तरी ये.