लाकडाची अंडी

मंगळवार, सांगली

सासूबाईंनी आज लाकडाची अंडीसुद्धा फेकून दिली. लाकडाची!

आमची राणी, म्हणजे कॉकाटील जातीची पोपटीण, नर नसतानाही अंड्यामागून अंडी घालतेय. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंडी काढू नका. काढली की ती पुन्हा घालते आणि कवचासाठी स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम ओढते. उबवून उबवून तिलाच कंटाळू दे. पण आमचं घर जैनांचं. घरात अंडं दिसलं की सासूबाई जुन्या सांडशीत धरून बाहेर टाकतात. म्हणून मी लाकडाची आणली. राणी त्यांच्यावर शांत बसलीसुद्धा. आज दुकानातून येऊन बघते तर राणीखालची जागा मोकळी.

"आई, लाकूड होतं ते."

"मला कळतंय गं लाकूड. शेजारच्या बायांना कळतंय व्हय? त्यास्नी अंडंच दिसतंय."

म्हणजे हा धर्माचा प्रश्न नव्हताच? शेजारणींचा होता? आणि हे म्हणतात, पोपटापायी घरात भांडण नको. पाण्यातला जीव मरू नये म्हणून नळाला फडकं बांधणारं घर हे! पिंजऱ्यातला जीव कुणाला दिसत नाही.

राणी पुन्हा तळाशी पिसं फुगवून बसलीय. शेपटी खालीवर होतेय, म्हणजे अंडं येणार. पायात जोर नाही तिच्या.

सासूबाई दिवस मावळायच्या आत जेवल्या. मग ती सांडशी राखेनं लख्ख घासून मोरीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली.