दर रविवारी दोन टोपणं

प्रिय चिमे,

फोन सोडून दादा पत्र का लिहितोय, म्हणून तू आधी घाबरशील. कुणी पडलंबिडलं नाही, कुणी दवाखान्यात नाही. फोनचा आवाज फक्त बाहेरच्या खोलीत नीट येतो, आणि तुझ्या वहिनीचे कान अजून तिखट आहेत. मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, तेव्हा अक्षराला हसू नको. तुला ती खोड लहानपणापासून आहे.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, नाहीतर मी भरकटेन. मध्यंतरी दोन महिने माझी खात्री पटली होती की शेवटी आईचं जे झालं, ते आता माझं सुरू झालंय. मी विसरायला लागलोय. हे मला कुणी सांगितलं नाही, गॅलरीतल्या तीन प्लास्टिकच्या खोक्यांनी सांगितलं.

हे खोके म्हणजे तुझ्याच लेकाचा उद्योग. माझे गुडघे वाकत नाहीत, कुंड्यांची माती उकरता येत नाही, अशी मी एकदा फोनवर कुरकुर केली, तर म्हणाला, मामा, मातीचा नाद सोडा, पाण्यात झाडं लावा. मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने फोनवर चित्रं पाठवली, मापं पाठवली, आणि मी कामाला लागलो. लोक ज्यात जादा पांघरुणं ठेवतात ते झाकणाचे मोठे खोके आणले. ते असतात अर्धे पारदर्शक, आणि पाण्याला उजेड लागला की शेवाळ धरतं. म्हणजे बाहेरून रंग आला. सेहेचाळीस वर्षं रंगकाम केलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे! आधी पॉलिश पेपर मारला, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर रंग टिकत नाही, मग काळ्याचे दोन हात, आणि ऊन लागून पाणी तापू नये म्हणून वरून पांढऱ्याचा एक. तुझी वहिनी दारात उभी राहून म्हणते कशी, स्वयंपाकघराच्या भिंतीला वीस वर्षांत दुसरा हात लागला नाही, आणि या डबड्यांना तीन-तीन!

पहिलं झाकण मी भोकं पाडताना तडकवलं. ड्रिलवर जोर दिला, तिथंच चुकलं. दुसऱ्या वेळी खाली फळी ठेवली आणि यंत्राला त्याच्या वेगाने कापू दिलं. प्रत्येक झाकणाला सहा भोकं, त्यात जाळीचे कप, कपात स्पंजच्या तुकड्यावर उगवलेलं रोप आणि त्याला आधार म्हणून भाजलेल्या मातीच्या गोळ्या. मुळं खाली पाण्यात लोंबत राहतात. नुसत्या पाण्यात ती गुदमरतात, म्हणून माशांच्या टाकीला असतो तसा हवेचा छोटा पंप, आणि त्याच्या नळीच्या टोकाला एक सच्छिद्र दगड, त्यातून दिवसभर बुडबुडे. पंप मी पाण्याच्या वर खिळ्याला टांगलाय. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं येतं. तो घरघरायचा थांबला की माझाही जीव थांबतो. पहिल्या आठवड्यात मी तुझ्या लेकाला एका दिवसात नऊ वेळा फोन केला. शेवटी बिचारा म्हणाला, मामा, झाडांना वाढायला थोडा वेळ तरी द्या.

आता टोपणांचं. मातीतून झाडाला जे मिळतं ते इथं बाटलीतल्या औषधातून द्यावं लागतं. एक 'अ' बाटली, एक 'ब' बाटली. आधी अ घालून ढवळायचं, मग ब. दोन्ही तशाच एकत्र केल्या तर नासल्यासारखं होतं. सुरुवातीला भरपूर घालून झाल्यावर मग दर आठवड्याला वरचं पाणी भरताना खोक्यामागे दोन-दोन टोपणं. हे मी मोठ्या अक्षरात लिहून खोक्यांच्या वर भिंतीला चिकटवलं: 'दर रविवारी दोन टोपणं. आधी अ, मग ब.' कॅलेंडरवर खूण करायचो ती वेगळी. तीन आठवडे मी राजा होतो. मुळं पांढरीशुभ्र, वीतभर लांब. पालक आणि सॅलडचा पाला असा तरारला की वहिनी शेजारणीला हाताला धरून दाखवायला घेऊन आली.

आणि मग पानांच्या कडा जळाल्या. इस्त्री लागल्यासारख्या. तुझ्या लेकाने मला पाण्यात औषध किती ते मोजायचा मीटर बुडवायला लावला. आकडा आठशेच्या आत पाहिजे, तर आला सोळाशे. मामा, तुम्ही जास्त घालताय, असं तो म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलो. तिन्ही खोके बादलीने उपसले, नवं पाणी भरलं, दहा दिवसांत पुन्हा तेच. मग बाटल्या बघितल्या. ज्या सहा महिने पुरायच्या त्या तळाला आलेल्या. मी नव्या आणल्या आणि बॉलपेनने बाटलीवर रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आलो तर औषध रेघेच्या खाली. चिमे, घरात आम्ही दोघंच. म्हणजे फिरायला जाण्याआधी मीच घालत होतो आणि मला आठवत नव्हतं.

एकदा हे डोक्यात शिरलं, मग सगळंच जुळत गेलं. दोनदा दूध करपलं, वहिनी म्हणाली तुम्हीच ठेवलं होतंत. एकदा दुपारभर दार सताड उघडं, ती म्हणाली तुम्हीच शेवटचे आलात. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. फिरताना तेराचा पाढा म्हणून बघायचो, कुठल्या घराला कुठल्या नंबरची छटा दिली होती ते आठवून बघायचो. सगळं यायचं, तरी धीर यायचा नाही. केस कापायला जातो म्हणून सांगून डॉक्टरकडे गेलो. त्याने घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द सांगून नंतर विचारले. मी ते पाच शब्द निघताना दारातूनही पुन्हा म्हणून दाखवले. तो हसला. काका, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय, पण समाधानच करून घ्यायचं असेल तर पुढच्या वेळी घरातल्या माणसाला सोबत आणा. आता वहिनीला काय सांगून नेणार होतो? तिला कळू द्यायचं नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं.

त्या दिवसांत मला आई सारखी आठवायची, आणि तिच्या मागे उभी असलेली तू. मी आठवड्यातून दोन तास यायचो. आईने तेच तिसऱ्यांदा विचारलं की आत्ताच सांगितलं ना, म्हणून आवाज चढवायचो. तुला तर मी तोंडावर म्हणालो होतो की तू राईचा पर्वत करतेस, म्हातारपणी सगळेच विसरतात. तू माझ्या हातातली रिकामी कपबशी घेऊन आत गेलीस.

मागच्या महिन्यात एकदा सकाळी जिना उतरल्यावर लक्षात आलं की चष्मा वरच राहिला. घ्या, हेही विसरलो, असं स्वतःला बोलत परत वर आलो. किल्लीने दार उघडलं तर वहिनी गॅलरीत. भिंतीवरच्या माझ्या कागदावर बोट ठेवून, एकेक अक्षर वाचत होती. मग तिने अ ची बाटली उघडली, दोन टोपणं मोजली, काठीने ढवळलं, मग ब ची दोन. सांडलेला थेंब फडक्याने पुसला. इतकं नेटकं काम मीही करत नाही. चिमे, मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. माझं डोकं शाबूत होतं! मी म्हणालो, अगं चोरटे, तू घालतेस होय! ती दचकली. काय घालते, म्हणाली. औषध, आणखी काय! तर म्हणते, मी कशाला हात लावू? तुमची डबडी, तुम्ही बघा. टोपण अजून तिच्या हातात होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ते माझ्या हातात दिलं. म्हणाली, वस्तू जागच्या जागी ठेवत जा.

तिचा चेष्टेखोर स्वभाव तुला ठाऊक आहे. मी ती हसण्याची वाट बघत उभा राहिलो. ती आत जाऊन चहा टाकायला लागली.

पुढचे तीन दिवस मी फिरायला गेलोच नाही, जिन्यात थांबून परत यायचो. रोज तेच. कागद वाचायचा आणि दोन टोपणं. कागदावर रविवार लिहिलाय, आणि तिला रोज रविवारच वाटतोय. दुधाचं, दाराचं, सगळं मग आपोआप उलगडलं. ती माझ्यावर खोटं ढकलत नव्हती गं. तिला खरंच तसं वाटत होतं.

आता मी त्या दोन बाटल्यांत साधं पाणी भरून ठेवलंय. खरं औषध माझ्या ब्रशांच्या पेटीत असतं, आणि रविवारी ती अंघोळीला गेली की मी घालतो. पानं पुन्हा हिरवीगार झाली आहेत. तुझ्या लेकाला वाटतंय मामाला अखेर जमलं. ती रोज सकाळी मन लावून पाणी मोजते आणि जेवताना मला म्हणते, काहीही म्हणा, तुमच्या हाताला गुण आहे. 

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. परवा मी स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्यापाशी रिकामं पातेलं धरून उभी होती. पुढं काय करायचं ते तिला आठवत नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं. माझी चाहूल लागताच ती वळली, हसली, आणि पाय न पुसता आत आलात म्हणून मला झापायला लागली. तेव्हापासून वाटतंय, तिला कळतंय. मी घाबरट माणूस, हाय खाईन, म्हणून ती माझ्यापासून लपवतेय. म्हणजे मी तिच्यापासून लपवतोय आणि ती माझ्यापासून. हे तुझ्याशिवाय कुणाला विचारणार? तू रात्रंदिवस आईजवळ होतीस. आपण विसरतोय हे आईला कळत होतं का? माझं मन राखायला काही लिहू नको. कळत नसेल, तर मी बाटल्यांत पाणी भरत राहीन आणि तोंड बंद ठेवीन. कळत असेल, तर ती एकटी आहे चिमे, माझ्या शेजारी बसून एकटी आहे, आणि मला उद्याच तिच्याजवळ बसून बोलायला पाहिजे. आईला मी एकदाही विचारलं नाही, आणि तुलाही नाही, त्याची माफी या पत्रात मागत नाही, समोर आलीस की मागेन. उत्तर माझ्या नावावर टाक. पोस्टमन आला की खाली मीच जातो.

तुझाच,
दादा